डॉबसनचा बिनसाखरेचा चहा

तार आली तेव्हा डॉबसन पेन्सिलीला टोक काढत होता. शिपायाने सही घेतली, लिफाफा टेबलावर ठेवला आणि तो दारातच घुटमळत राहिला. आत काय आहे ते त्याला ठाऊक असणार. इगतपुरीत तार आधी शिपायाला कळायची, मग ज्याची त्याला. डॉबसनने ती वाचली. पेन्सिलीचं अर्धवट राहिलेलं टोक पुरं केलं, सालं कागदावर गोळा करून टोपलीत टाकली. मग तार माझ्याकडे सरकवली.

"मिस्टर खैरनार, मी बरोबर वाचतोय का, जरा बघता?"

ही आमची रोजची रीत होती. इंजिनांच्या कोळशाचा हिशेब आमच्याकडे असे. एकाने बेरीज केली की शेजारच्याने ती तपासायची, 'बरोबर' म्हणायचं आणि कोपऱ्यात सही करायची. डॉबसनच्या बेरजा मी तपासायचो, माझ्या तो. त्याच सवयीने मी तार हातात घेतली. प्लिमथ गावावर बाँब पडले, त्यात राहतं घर जमीनदोस्त झालं, मिसेस एडिथ डॉबसन गेल्या, कळवताना अत्यंत दुःख होत आहे, असा मजकूर होता. खाली तिथल्या पाद्र्याचं नाव.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तो "थँक यू" म्हणाला, तार खणात ठेवली आणि पुढचा कागद ओढला.

एक्केचाळीस सालच्या उन्हाळ्याची ती सुरुवात होती. डॉबसन पलटणीतून सुटून रेल्वेत लागलेला, पन्नाशीकडे झुकलेला, उंच, थोडा वाकलेला माणूस. आम्ही त्याला साहेब म्हणायचो, पण तो खरा साहेब नव्हता. आमच्यासारखाच कारकून. बंगलेवाले गोरे त्याला बरोबरीचा धरत नसत आणि आम्ही त्याला आमच्यातला धरत नव्हतो. बायको आईच्या आजारपणासाठी विलायतेला गेली, मागोमाग लढाई सुरू झाली आणि ती तिकडेच अडकली. मूलबाळ नव्हतं.

आमचे हेडक्लार्क बर्वे मनाने चांगले होते. ते उठून त्याच्यापाशी गेले. "मिस्टर डॉबसन, तुम्ही घरी जा. काम आम्ही बघतो."

डॉबसनने वर पाहिलं. "घरी जाऊन काय करू, मिस्टर बर्वे?"

तो खरंच विचारत होता. बर्वे जागेवर येऊन बसले आणि त्यांनी चष्मा पुसला.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. द्वारका भाकरी थापत होती. तिला सातवा महिना होता, आठवडाभरात ती येवल्याला माहेरी जायची होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"त्यांच्या घरी कडू घास कोण नेणार?"

आमच्यात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी शिजवून नेतात, सोबत बसून खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात.

"अगं, ते इंग्रज आहेत. त्यांच्यात असलं काही नसतं."

"माणूस मेलं की त्यांच्यात भूक मरत नाही होय?"

"त्यांच्याकडे स्वयंपाकी आहे. अँटोन म्हणून. चांगला गोव्याचा आहे."

"स्वयंपाकी पगार घेऊन करतो," ती म्हणाली. "त्याला कडू घास म्हणत नाहीत. उठा, परसातल्या कडुनिंबाची चार पानं आणा."

मी लाजत होतो हे खरं. पण द्वारकेपुढे माझं फारसं चालत नसे. तिने पिठलं आणि भात केला, भाकरी फडक्यात बांधली, आणि पोट सांभाळत माझ्याबरोबर निघाली.

अँटोनने दार उघडलं. आमच्या हातातलं पातेलं बघून त्याला राग येईल असं मला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा निवळला. "या, बाय. मी सूप केला, मटण केला. साहेब नुसता बघत बसलाय."

डॉबसन व्हरांड्यात खुर्चीवर होता. आम्हाला बघून उठला. द्वारका पदर सारखा करून खाली बसली, तिने पानं मांडली. तीन. डॉबसनने खुर्चीकडे पाहिलं, मग तोही गुडघे गोळा करून तिच्यासमोर खाली बसला. एवढा उंच माणूस, पाय कुठे ठेवावेत त्याला कळेना.

"आधी ते कडुनिंबाचं पान चावायला सांगा," द्वारका म्हणाली.

मी सांगितलं. त्याने चावलं. "कडू आहे."

"कडूच पाहिजे," मी म्हणालो.

"आता आपण आधी घास घ्यायचा," द्वारका मला म्हणाली. "नेणाऱ्याने आधी खायचं असतं. समोरचं माणूस एकटं खात नाही."

मी घास घेतला, तिने घेतला. मग त्याने. बोटांनी पिठलं-भात कालवून तो हळूहळू सगळं जेवला. अँटोन दाराआडून बघत होता.

हात धुतल्यावर डॉबसन मला म्हणाला, "तुमच्यात आणखी काय करतात?"

काहीतरी बोलायला विषय मिळाला म्हणून मला बरं वाटलं. मी सांगत गेलो. जवळच्या माणसाने सुतक पाळायचं. पलंगावर झोपायचं नाही, खाली झोपायचं. कुणाकडे जेवायला जायचं नाही. गोड खायचं नाही. तेराव्या दिवशी आपलं माणूस येऊन गोड खाऊ घालतं, मग सुतक सुटतं.

"आपलं माणूस म्हणजे?"

"नात्यातलं."

त्याने मान हलवली. वर्षं झाली, पण ती मान हलवणं माझ्या डोळ्यांसमोर आहे. बेरीज पटली की तो तशीच मान हलवायचा.

द्वारका येवल्याला गेली. निघताना गाडीत बसून म्हणाली, "त्यांच्यावर लक्ष ठेवा." मी ठेवलं. म्हणजे मला जेवढं समजत होतं तेवढं. तो रोज वेळेवर यायचा, हिशेब बिनचूक करायचा. एक फरक मात्र सगळ्यांनाच दिसला. डॉबसन चहात तीन-तीन चमचे साखर घालणारा माणूस. भिवा चहावाला त्याला 'सायेब नव्हं, मुंगळा' म्हणायचा. तो बिनसाखरेचा चहा पिऊ लागला.

"साहेब, साखर संपली का काय माझी?" भिवा विचारायचा.

"नको, भिवा."

"अहो, लढाईला साखर वाचवतायत ते," बर्वे म्हणायचे. "हिटलर साखरेनेच हरणार आहे."

सगळे हसायचे. डॉबसनही थोडा हसायचा. दुःखात माणसाची चव जाते, तसं असेल, असं मी मनाशी म्हटलं. गोऱ्यांच्या क्लबातून त्याला एक-दोनदा जेवणाचं बोलावणं आलं, ते त्याने नाकारलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

आषाढात त्याला खोकला लागला. इगतपुरीचा पाऊस म्हणजे भिंतींना पाझर, कपड्यांना बुरशी. खोकला आमच्यातही दोघा-तिघांना होता, पण त्याचा हटेना. कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली. एकदा खोकल्याची उबळ आली आणि कोळशाच्या तक्त्यावर शाई सांडली. वरच्या साहेबाने ते पाहिलं. आठ दिवसांत हुकूम आला, की श्रावण संपता संपता रेल्वेचा डॉक्टर येईल, मिस्टर डॉबसनची तपासणी करील. छाती अधू निघाली तर नोकरी संपेल आणि जहाज मिळेल तेव्हा त्यांना घरी पाठवलं जाईल.

बर्व्यांनी तो कागद मला दाखवला. "घरी म्हणे. त्याचं घर आहे कुठं आता?"

रेल्वेचं क्वार्टर सुटलं की त्याला इथे छप्पर नव्हतं, आणि तिकडच्या घराचं काय झालं ते तारेतच होतं. मी त्याला काही बोललो नाही. त्यानेही विषय काढला नाही. फक्त एक दिवस बेरीज माझ्याकडे सरकवताना म्हणाला, "माझ्यानंतर तुमच्या बेरजा कुणाकडून तपासून घ्याल? पलीकडच्या टेबलावरचे कुलकर्णी घाई करतात."

नागपंचमी झाली आणि द्वारका मुकुंदला घेऊन परत आली. घरात पाळणा टांगला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अँटोन दारात उभा. छत्री गळत होती.

"बाबू, माझा साहेब वेडा झाला."

"काय झालं?"

"मी कुणाला बोललो नाय. साहेबाची लाज जाईल. पण आता डॉक्टर येतो. साहेब पलंगावर निजत नाय, बाबू. खाली निजतो. फरशीवर, एक घोंगडी टाकून. एवढी ओल वर येते. मी गादी घातली, त्याने काढली. मी केक केला त्याच्या वाढदिवसाला, त्याने मला दिला, म्हणाला तू खा. पुडिंग नाय, जॅम नाय."

"कधीपासून?"

"मॅडमची तार आली ना, तेव्हापासून. आणि एक दिवस तर काय केला, सकाळी चांगला कोट घातला, दाढी केली, व्हरांड्यात बसला. दिवसभर. मी विचारला, साहेब कोण येणार? तो म्हणाला, बहुतेक कोणी नाय, अँटोन. दिवे लागल्यावर उठला, कोट काढला, परत खाली निजला."

द्वारका मुकुंदला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "तारेनंतर किती दिवसांनी हो ते?"

अँटोन आठवू लागला. "दुसरा रविवार गेला, त्याच्या पुढे दोन दिवस."

द्वारकेने बोटं मोजली. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, ते सुतकात आहेत."

मला एकदम काही कळलं नाही.

"तुम्ही त्यांना काय काय सांगितलं होतंत, आठवा. खाली झोपायचं, गोड खायचं नाही, कुणाकडे जेवायचं नाही. तेराव्याला आपलं माणूस येतं म्हणालात ना? त्यांनी वाट बघितली. कुणी आलं नाही. मग सुतक सुटणार कसं?"

"पण हे काय त्यांचं... त्यांनी कुणाला तरी विचारायचं होतं."

"काय विचारायचं? माझं माणूस कोण आहे म्हणून?" ती उठली, मुकुंदला माझ्याकडे दिला. "तुम्ही याला धरा. अँटोनदादा, तुम्ही घरी जा आणि साहेबांना सांगा, आज कोट घालून बसा."

तिने शिरा केला. साजूक तूप माहेराहून आणलं होतं, ते सगळं घातलं. त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. पाऊस चाललाच होता. द्वारकेने डब्यावर फडकं बांधलं, मुकुंदला मी दुपट्यात गुंडाळलं, आणि आम्ही एका छत्रीत तिघे निघालो.

डॉबसन कोट घालून व्हरांड्यात उभा होता. कोट त्याला फार मोठा झाला होता. त्याने आधी मुलाकडे पाहिलं, मग डब्याकडे.

आम्ही पूर्वीसारखेच खाली बसलो. मी इंग्रजीत बोलू लागलो. "मिस्टर डॉबसन, हे तेरा दिवसांचं असतं. फक्त तेरा. तुम्ही एवढे महिने..."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात, आपलं माणूस लागतं. आपल्या आपण सोडणं मला बरं वाटेना. ती लबाडी झाली असती." त्याला खोकला आला. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर मला सोडायचं नव्हतं. तिकडे कबर नाही, मिस्टर खैरनार. सापडलंच नाही काही. दुसऱ्या कुणी मला एडिथसाठी करायला काहीच सांगितलं नाही. सगळे म्हणाले, धीर धरा. तुम्ही तेवढे म्हणालात, खाली झोपा, साखर सोडा. ते मला जमण्यासारखं होतं."

द्वारकेला मी हे सांगितलं. तिने डोळे पुसले नाहीत, डब्याचं फडकं सोडलं.

"त्यांना सांगा, आमच्यात बायको गेली की तिच्या माहेरचं माणूस येऊन गोड करतं. म्हणावं, उशीर झाला. बाळंतपणात होते. मी एडिथबाईंच्या माहेरची आहे."

माहेर म्हणजे काय ते इंग्रजीत कसं सांगावं मला सुचेना. मी म्हणालो, "माझी बायको म्हणते, ती एडिथची बहीण आहे."

"एवढंच सांगितलंत?" द्वारका म्हणाली.

"एवढंच पुरे झालं त्यांना," मी म्हणालो.

खरंच पुरलं होतं. डॉबसन मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. आवाज नव्हता. तार आल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मुकुंदने हातपाय झाडले, तेव्हा त्याने वर बघितलं आणि बोट पुढे केलं. मुकुंदने ते धरलं.

द्वारकेने आधी स्वतः घास घेतला, मग मला दिला, मग त्याच्या पानात शिरा वाढला. त्याने खाल्ला. बराच वेळ तो घास त्याच्या तोंडात होता.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. "बरोबर आहे."

दारातून अँटोन म्हणाला, "साहेब, गादी घालू?"

"घाल," डॉबसन म्हणाला.

डॉक्टर आला तोवर पंधरवडा मिळाला. पलंग, गरम कपडे, अँटोनचं सूप आणि दिवसाआड द्वारकेने पाठवलेलं काही ना काही, एवढ्यावर खोकला पुरता गेला नाही, पण उतरला. डॉक्टरने छाती ठोकून पाहिली, सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाला. सहा महिन्यांनी तो आलाच नाही, लढाईवर गेला. भिवाने तीन चमचे साखर घातलेला चहा डॉबसनपुढे ठेवला, तेव्हा बर्वे म्हणाले, "आता हिटलरचं काही खरं नाही असं दिसतंय."

पुढची चार वर्षं आमच्या भागात तारा येतच राहिल्या. इगतपुरीच्या आसपासच्या वाड्यांमधली पोरं पलटणीत होती, कुणी आफ्रिकेत, कुणी ब्रह्मदेशात. तार आली की डॉबसन शिपायाकडे चौकशी करायचा. भाऊबंद असलेल्या घरी तो जात नसे. पण एखादी एकटी म्हातारी असली, परगावाहून आलेला रेल्वेचा खलाशी असला, की तेराव्या दिवशी द्वारकेला निरोप यायचा. ती शिरा करायची आणि तो डबा घेऊन जायचा. खाली बसायला त्याला आता चांगलं जमायचं. आधी स्वतः घास घ्यायचा. बोलायचा काही नाही. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "तुमचा गोरा लई गप माणूस. पण बसला चांगला."

सत्तेचाळीसच्या शेवटी तो विलायतेला गेला. तिकडे कुठल्याशा पुतण्याकडे राहायचं ठरलं होतं. गाडी सुटताना त्याने द्वारकेला हात जोडले आणि मराठीत म्हणाला, "येतो." ते तिनेच त्याला शिकवलं होतं, 'जातो' म्हणायचं नाही म्हणून. तो पुन्हा आला नाही. काही वर्षं नाताळला कार्ड यायचं, मग बंद झालं. डबा नेण्याचं काम मात्र द्वारकेने सोडलं नाही. आमची बदली झाली तिथे तिथे तो डबा गेला. ज्याच्याकडे येणारं कुणी नाही असं घर तिला कसं कळायचं कोण जाणे.

ती गेली त्याला आता चार महिने झाले. नाशिकच्या या घरात मी आणि मुकुंद, सूनबाई. तेरावं रीतसर झालं. मुकुंदने आचारी लावला होता, पानात जिलबी होती. मी ती बाजूला सारली, कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून चहात साखर घेत नाही. सुनेला वाटतं, डॉक्टरांनी सांगितलंय. मीही तसंच वाटू दिलं. चव नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

खालच्या मजल्यावर दोघी वयस्कर बहिणी राहायच्या, सोनवणेबाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नाही कुणीच. धाकटी बारा दिवसांपूर्वी गेली. शेजाऱ्यांनी कडू घास नेला, सूनबाईनेही एक वेळ दिला. काल जिन्यात सोनवणेबाई भेटल्या. दुधाची पिशवी हातात होती. मी विचारलं, उद्या तेरावा ना? त्या म्हणाल्या, "हो. पण आमच्याकडे कोण आहे आता यायला, खैरनारकाका. होईल ते होईल."

वर आलो तरी द्वारकेचा आवाज कानात होता. त्यांचं गोड कोण करणार? तिने डॉबसनबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात.

आज मुकुंद आणि सूनबाई लग्नाला गेले आहेत. सकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. आयुष्यात मी चहापलीकडे काही केलेलं नाही. पण चाळीस वर्षं तिच्या मागे बसून बघितलं आहे. रवा मंद गॅसवर भाजायचा, तुपाचा वास सुटला की पाणी ओतायचं, बाजूला हटायचं, हातावर उडतं. पहिला रवा करपला. तो टाकून दिला. दुसरा बरा आला आहे. तिचा डबा धुऊन ठेवला आहे, फडकंही सापडलं. खाली गेलो की आधी मला घास घ्यावा लागेल. तशी रीत आहे.

रवा फुलला आहे. साखर अजून घालायची आहे.